गुणलेखन : शालेय खेळांतील न्यायाचा पाया

पावसाळा ओसरू लागला की ठाणे जिल्ह्यातील शाळांमध्ये क्रीडास्पर्धांची लगबग सुरू होते. ठाण्याचे दादोजी कोंडदेव क्रीडागृह, डोंबिवलीचे ह. भ. प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल, कल्याणचे सुभाष मैदान आणि शाळांची लहानमोठी पटांगणे मुलामुलींच्या वर्दळीने भरून जातात. मैदान आखले जाते, पंच बोलावले जातात, चषक मांडले जातात. मात्र सीमारेषेबाहेर एका साध्या टेबलाशी वही घेऊन कोणी बसावयाचे, हा प्रश्न बहुधा अगदी शेवटच्या क्षणी सुटतो. ज्याला संघात जागा मिळाली नाही अशा एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती पेन्सिल देण्यात येते आणि सामना सुरू होतो.

वास्तविक, खेळ संपल्यानंतर त्याचे जे काही मागे उरते ते त्या वहीतच असते. प्रेक्षक घरी जातात, फळ्यावरील आकडे पुसले जातात, खेळाडूंच्या आठवणी कालांतराने सोयीप्रमाणे बदलतात. वहीतील नोंद मात्र राहते. तिच्यावरून विजेता ठरतो, निवड समितीपुढे नावे जातात आणि पुढे प्रमाणपत्रे तयार होतात. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीला गावाच्या कारभारात जे स्थान असते, तेच स्थान गुणपत्रकाला खेळात असते. ते अचूक कसे ठेवावे, नियमांशी त्याचा संबंध काय आणि या कामी शाळांना व स्थानिक संस्थांना काय करता येईल, याचा येथे विचार करावयाचा आहे. त्यासाठी आरंभी कल्याणमध्येच घडलेले एक उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल.

कल्याणचा डाव

ठाणे, डोंबिवली व कल्याण हा पट्टा क्रिकेटच्या दृष्टीने मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या कार्यक्षेत्रात येतो. असोसिएशनची मान्यता असलेल्या सोळा वर्षांखालील मुलांच्या आंतरशालेय भंडारी चषक स्पर्धेत, ४ व ५ जानेवारी २०१६ रोजी, कल्याणच्या युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर के. सी. गांधी आणि आर्य गुरुकुल या दोन शाळांचा सामना झाला. आर्य गुरुकुलचा पहिला डाव ३१ धावांत आटोपला. त्यानंतर के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या फलंदाजाने पहिल्या दिवसअखेर नाबाद ६५२ आणि दुसऱ्या दिवशी नाबाद १००९ धावा केल्या. संघाने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. प्रतिपक्षाचा दुसरा डाव ५२ धावांत संपला आणि सामना एक डाव व १३८२ धावांनी जिंकला गेला. मान्यताप्राप्त सामन्यात एका फलंदाजाच्या नावावर चार आकडी धावा लागण्याची ही पहिलीच वेळ होती.

या डावाने मागे टाकलेला विक्रम ११६ वर्षांहून अधिक जुना होता. जून १८९९ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील क्लिफ्टन महाविद्यालयाच्या अंतर्गत सामन्यात ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने अनेक दिवस चाललेल्या डावात नाबाद ६२८ धावा केल्या. त्या सामन्याची नोंद विद्यार्थ्यांनीच ठेवली होती. हा आकडा वीसएक धावांनी कमीअधिक असू शकेल, अशी कबुली त्या गुणलेखकांपैकी एकाने दिल्याचे सांगितले जाते. दुसरा कोणी या आकड्याच्या जवळपास नव्हता तोवर वीस धावांच्या फरकाने काही बिघडत नव्हते. तीच अनिश्चितता कल्याणच्या डावाला लावून पाहावी. १००९ मधून वीस वजा केल्यास ९८९ उरतात. हजाराचा टप्पा खरोखर गाठला गेला की नाही, हाच मुद्दा वादाचा झाला असता. म्हणजे या विक्रमाचा सारा भार फलंदाजाच्या बॅटीइतकाच लिहिणाऱ्याच्या दक्षतेवरही होता.

हे अधिक नीट समजण्यासाठी त्या डावाची फोड करून पाहावी. प्रणवने १२९ चौकार आणि ५९ षटकार मारले. चौकारांच्या धावा ५१६ आणि षटकारांच्या ३५४, मिळून ८७० होतात. उरलेल्या १३९ धावा पळून काढलेल्या आहेत. चौकार वा षटकार गेल्यावर पंच हाताने खूण करतो आणि गुणलेखक ती स्वीकारतो, तेव्हा तेथे चूक होण्याचा संभव कमी. पण एक, दोन किंवा तीन धावा पळून काढल्या असता पंच कोणतीही खूण करीत नाही. त्या गुणलेखकाने स्वतः पाहून लिहावयाच्या असतात. नजर क्षणभर हलली की दोनाची एक होते, किंवा एका फलंदाजाची धाव दुसऱ्याच्या खाती जाते. चूक शिरण्याची जागा म्हणजे या १३९ धावा.

त्या डावाच्या वृत्तांत एक छोटासा फरकही आढळतो. प्रणवने खेळलेल्या चेंडूंची संख्या काही ठिकाणी ३२३, तर काही ठिकाणी ३२७ अशी छापली गेली. धावांच्या आकड्याबाबत मात्र सर्वत्र एकवाक्यता आहे. धावांचा ताळा अनेक बाजूंनी घेता येतो. फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंचा ताळा मात्र तितकासा सोपा नसतो. वाईड चेंडू फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत धरत नाहीत, नोबॉल मात्र धरतात. हा भेद वहीत त्या त्या वेळीच नोंदला गेला नाही, तर नंतर तो शोधून काढणे कठीण जाते.

ताळा घेण्याची रीत

क्रिकेटचे नियम दोन गुणलेखक नेमण्यास सांगतात. त्यांनी आपापल्या नोंदी वारंवार एकमेकांशी पडताळाव्यात आणि पंचांच्या प्रत्येक खुणेची पोच तत्काळ द्यावी, अशी तरतूद आहे. पंचांनीही पेयपानाचे मध्यंतर वगळता प्रत्येक मध्यंतरात आणि सामन्याच्या अखेरीस धावा, बळी व षटके यांचा मेळ गुणलेखकांशी घालावयाचा असतो. धावसंख्या बरोबर आहे किंवा नाही याचा अंतिम निर्णय पंचांचा असतो. म्हणजे लिहिणारा एक, तपासणारा दुसरा आणि प्रमाणित करणारा तिसरा. कार्यालयीन हिशेबाशी परिचय असलेल्यांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही.

गुणपत्रकात एकच धाव तीन ठिकाणी उमटते : फलंदाजाच्या किंवा अवांतर धावांच्या रकान्यात, गोलंदाजाच्या पृथक्करणात आणि चालू बेरजेत. हे तिन्ही मार्ग शेवटी एकाच आकड्यापाशी आले पाहिजेत. एखाद्या संघाच्या १४८ धावा झाल्या असे समजू. फलंदाजांच्या धावांची बेरीज १३१ आहे. अवांतर धावा १७ असून त्यात बाय ४, लेगबाय ३, वाईड ८ व नोबॉल २ आहेत. १३१ अधिक १७ म्हणजे १४८, हा पहिला ताळा. बाय व लेगबाय गोलंदाजाच्या खाती लागत नाहीत, वाईड व नोबॉल लागतात. म्हणून सर्व गोलंदाजांनी दिलेल्या धावांची बेरीज १४८ वजा ७, म्हणजे १४१ यावयास हवी, हा दुसरा ताळा. चालू बेरजेतील शेवटचा खोडलेला आकडा १४८ असावा, हा तिसरा. यांपैकी एक जरी जुळला नाही तरी चूक नक्की आहे असे समजावे आणि ती त्याच मध्यंतरात शोधावी. दोन तासांनंतर शोधलेली चूक बहुधा अंदाजानेच दुरुस्त होते.

दर षटकाच्या अखेरीस दोघा गुणलेखकांनी आकडा मोठ्याने उच्चारून जुळवणे, प्रत्येक गोलंदाजासाठी वेगळ्या रंगाची पेन्सिल वापरणे, खोडरबर न वापरता चुकीच्या आकड्यावर एक रेघ ओढून शेजारी योग्य आकडा लिहिणे, अशा साध्या सवयी या कामी फार उपयोगी पडतात. खोडलेली नोंद संशय निर्माण करते. रेघ ओढून दुरुस्त केलेली नोंद मात्र काय चुकले व काय सुधारले हे दोन्ही सांगते.

पंचाकडूनही चूक होते. पंचाच्या मोजणीतील चुकीमुळे एखादे षटक पाच किंवा सात चेंडूंत संपले, तर पंचाने मोजल्याप्रमाणेच ते षटक ग्राह्य धरावे असा नियम आहे. अशा वेळी गुणलेखकाने आपल्या मनाने सहावा चेंडू भरावयाचा नसतो किंवा सातवा गाळावयाचा नसतो. जे घडले तेच लिहावयाचे असते. शंका असल्यास चेंडू खेळात नसताना ती पंचांपुढे मांडावी, निर्णय त्यांच्यावर सोपवावा. सामन्याच्या शेवटी पंच व गुणलेखक यांनी धावसंख्या बरोबर असल्याचे एकदा मान्य केले की त्यानंतर निकाल बदलता येत नाही. यास्तव ती शेवटची पडताळणी घाईने उरकणे कोणाच्याच हिताचे नाही.

आकड्याच्या पलीकडे

अचूक आकडा म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे, हा कल्याणच्या डावाचा दुसरा धडा होय. त्या मैदानाच्या एका बाजूची सीमारेषा बरीच जवळ होती, प्रतिस्पर्धी संघात वयाने लहान खेळाडू होते आणि अनेक झेल सुटले, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद झाले होते. यामुळे फलंदाजाच्या चिकाटीला उणेपणा येत नाही. साडेसहा तास खेळपट्टीवर उभे राहणे पंधराव्या वर्षी सोपे नसते. तथापि सीमारेषेचे अंतर आणि खेळाडूंची वये गुणपत्रकात नसल्यामुळे आकडा एकटाच जगभर गेला.

त्याचा भार अखेर मुलावरच पडला. असोसिएशनने प्रणवला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली होती. पुढे त्याच्याकडून अपेक्षेप्रमाणे धावा होईनात, तेव्हा २०१७ मध्ये ही शिष्यवृत्ती थांबवावी अशी विनंती त्याच्या कुटुंबानेच केली. एका डावाच्या आकड्यावरून मुलाचे भवितव्य मोजू नये, ही जाणीव शिक्षकांनी व पालकांनी बाळगणे किती आवश्यक आहे हे यावरून ध्यानी येते.

सामना अगदीच एकतर्फी होऊ लागला तर काय करावे, याविषयी क्रिकेटचा नियम मौन पाळतो. डाव घोषित करण्याचा अधिकार कर्णधाराचा असतो. त्याने तो वापरला नाही, तर खेळ चालूच राहतो. महाराष्ट्राच्या क्रिकेट इतिहासात याची उलट बाजूही नोंदलेली आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे काठेवाडविरुद्धच्या रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर खेळत होते. डॉन ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या तत्कालीन विश्वविक्रमास अवघ्या नऊ धावा कमी असताना काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला आणि विक्रम राहून गेला. एका प्रसंगी खेळ थांबला याची हळहळ, दुसऱ्या प्रसंगी तो थांबला नाही याविषयी चर्चा. दोन्हींच्या मुळाशी नियमाचे तेच मौन आहे.

सॉफ्टबॉलमध्ये याबाबत स्पष्ट तरतूद आहे. सात डावांच्या या खेळात पाच डाव पूर्ण झाल्यानंतर एक संघ सात किंवा अधिक धावांनी पुढे असेल, तर सामना तेथेच संपतो. त्याआधीच्या डावांसाठी याहून मोठी आघाडी ठरविलेली असते. दुबळ्या संघाची मानखंडना टाळणे आणि वेळेची बचत करणे हे दोन्ही हेतू यातून साधतात. शालेय क्रिकेटच्या आयोजकांनाही डावाच्या षटकांची किंवा एका फलंदाजाच्या धावांची मर्यादा स्पर्धेच्या नियमावलीत घालता येते. मात्र असा नियम स्पर्धेपूर्वी लेखी कळविलेला असला पाहिजे. सामना चालू असताना, फळ्याकडे पाहून केलेला नियम हा नियम नसून मेहेरबानी असते.

सॉफ्टबॉलची वही

सॉफ्टबॉल हा खेळ १८८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे, बंदिस्त सभागृहात खेळण्यासाठी म्हणून जन्मला. महिलांचा सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ या काळात ऑलिंपिकमध्ये होता व टोकिओच्या स्पर्धेत तो पुन्हा खेळविला गेला. महाराष्ट्रात क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील मुलामुलींसाठी या खेळाचा समावेश असतो. क्रिकेट सर्वांच्या परिचयाचे असल्याने वहीतील चूक प्रेक्षकांतूनही कोणी लक्षात आणून देतो. सॉफ्टबॉलमध्ये तसे घडत नाही. येथे गुणलेखकाला नियम ठाऊक नसतील तर चूक तशीच राहून जाते.

सॉफ्टबॉलच्या वहीत प्रत्येक फलंदाजासाठी प्रत्येक डावाचा एक चौकोन असतो आणि त्यात मैदानाच्या आकाराचा छोटा हिरा छापलेला असतो. फलंदाज ज्या बेसपर्यंत पोहोचला तिथवर त्या हिऱ्याची बाजू गडद करतात. धाव पूर्ण झाली की हिरा पूर्ण होतो. क्षेत्ररक्षकांना जागेप्रमाणे क्रमांक असतात : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६ आणि डावा, मधला व उजवा बाह्यक्षेत्ररक्षक अनुक्रमे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला व फलंदाज बाद झाला, तर ‘६-३’ एवढेच लिहावयाचे. हे क्रमांक खेळाडूच्या पाठीवरचे नसून जागेचे आहेत, हे नवशिक्या गुणलेखकास पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

या वहीचाही पक्का ताळा आहे. जितके फलंदाज फलंदाजीस आले, त्यांपैकी प्रत्येकाचे तीनपैकी एकच काही झालेले असते. त्याने धाव पूर्ण केली, तो बाद झाला, किंवा डाव संपला तेव्हा तो बेसवर उरला. समजा, सात डावांत एका संघाच्या फलंदाजीच्या पाळ्या ३३ झाल्या, धावा ५ झाल्या आणि बेसवर ७ खेळाडू उरले. सात डावांत प्रत्येकी तीन याप्रमाणे २१ बाद झाले. ५, ७ आणि २१ यांची बेरीज ३३ येते, म्हणजे वही बरोबर आहे. ती ३२ वा ३४ आली, तर एखादी पाळी लिहावयाची राहिली किंवा दोनदा लिहिली गेली, असे निश्चित समजावे.

नियम व नोंद यांचा संबंध किती जवळचा आहे, हे दाखविण्यास दोन उदाहरणे पुरेशी होतील.

पहिले उदाहरण तिसऱ्या बादाचे. दोन खेळाडू बाद झाले आहेत आणि तिसऱ्या बेसवर एक धावक आहे. फलंदाजाने चेंडू शॉर्टस्टॉपकडे टोलविला. तिसऱ्या बेसवरील धावक होम प्लेटवर पोहोचला, पण त्यानंतर पहिल्या बेसवर पोहोचण्यापूर्वी फलंदाज बाद झाला. धावक आधी पोहोचला असला तरी ही धाव धरत नाहीत, कारण तिसरा बाद फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचण्यापूर्वी झालेला आहे. आता दुसरा प्रसंग घेऊ. तसेच दोन बाद असताना दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर धावक आहेत. फलंदाज चेंडू टोलवून सुखरूप पहिल्या बेसवर पोहोचला, तिसऱ्या बेसवरील धावक होम प्लेटवर आला आणि त्यानंतर दुसऱ्या बेसवरून निघालेला धावक वाटेत चेंडूचा स्पर्श होऊन बाद झाला. येथे स्पर्शापूर्वी धावक प्लेटवर पोहोचला असल्यास धाव धरतात. प्रेक्षकांना दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात. गुणलेखकाने हिरा पूर्ण करण्यापूर्वी प्लेटजवळील पंचाकडे पाहणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

दुसरे उदाहरण फलंदाजीच्या क्रमाचे. चौथ्या क्रमांकाची पाळी असताना पाचव्या क्रमांकाची खेळाडू फलंदाजीस आली. तिची पाळी चालू असतानाच चूक ध्यानात आली, तर चौथी खेळाडू तिच्या जागी येते आणि झालेले बॉल व स्ट्राइक तिला लागू होतात. कोणी बाद होत नाही. पाचवीची पाळी संपली, पण पुढील फलंदाजास चेंडू टाकण्यापूर्वी प्रतिपक्षाने दाद मागितली, तर जिची पाळी होती ती चौथी खेळाडू बाद ठरते, पाचवीच्या टोल्यावर झालेली धाव रद्द होते आणि पाचवी आपल्या क्रमाने पुन्हा फलंदाजीस येते. पुढील फलंदाजास एक चेंडू टाकला गेला, की झाले ते सर्व नियमित ठरते व सहाव्या क्रमांकापासून खेळ पुढे चालतो. या तिन्ही प्रसंगी निर्णयाचा आधार एकच असतो, तो म्हणजे गुणलेखकाची वही. चूक दिसताच ओरडून आपल्या शाळेच्या संघाला सावध करण्याचा मोह मात्र त्याने आवरला पाहिजे. दाद मागणे हे संघाचे काम आहे. विचारले असता खरी नोंद दाखविणे हे गुणलेखकाचे.

कबड्डी आणि खो-खो या आपल्या खेळांतही हेच तत्त्व आहे. कबड्डीत लोण दिल्याचे दोन जादा गुण लिहावयाचे राहिले, किंवा खो-खोत संरक्षक नेमका किती वेळ खेळला याची नोंद सुटली, तर चुरशीच्या सामन्याचा निकाल उलटा लागू शकतो. खेळ कोणताही असो, नियमाचे अज्ञान नोंदीत उतरते आणि नोंदीतील चूक अन्याय ठरते.

प्रमाणपत्राचे मूळ

ही सारी दक्षता एका चषकासाठी कशाला, असे कोणास वाटेल. पण आज शालेय स्पर्धेचा निकाल चषकापाशी थांबत नाही. क्रीडास्पर्धांत विहित स्तरावर सहभाग वा प्रावीण्य मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावी व बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी राज्य शासनाच्या सेवेत पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी सादर होणाऱ्या प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा खात्याकडून केली जाते. ही पडताळणी मागे मागे जात अखेर संघाच्या यादीपाशी, निकालपत्रापाशी आणि गुणपत्रकापाशी येऊन ठेपते. तेथे खेळाडूचे नाव अपुरे असेल, बदली खेळाडूची नोंद नसेल किंवा पंचाची स्वाक्षरी नसेल, तर प्रामाणिक खेळाडूसही आपला हक्क सिद्ध करणे अवघड जाते. उलटपक्षी, नोंदी ढिल्या असतील तर जो मैदानात उतरलाच नाही त्याचे नाव घुसविण्यास वाव मिळतो. शहापूर वा मुरबाडच्या एखाद्या मुलीच्या वाट्याची संधी अशा रीतीने दुसऱ्याकडे जाऊ नये, यासाठीच टेबलाशी बसलेल्या गुणलेखकाचे काम गांभीर्याने घ्यावयास हवे.

शाळांना व स्थानिक संस्थांना करता येण्याजोगे

या कामासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. पुढील गोष्टी कोणत्याही शाळेस किंवा ग्रामपंचायतीस करता येतील.

एक, प्रत्येक शाळेने दरवर्षी किमान चार विद्यार्थ्यांना गुणलेखनाचे शिक्षण द्यावे. त्यांत मुलींचा आवर्जून समावेश असावा. एक विद्यार्थी लिहीत असताना दुसऱ्याने त्याच सामन्याची स्वतंत्र वही ठेवावी आणि शेवटी दोन्ही वह्या जुळवाव्यात. गणिताच्या शिक्षकांना बेरीज-वजाबाकी व सरासरी यांसाठी याहून जिवंत उदाहरणे क्वचितच मिळतील.

दोन, सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या याद्या पूर्ण नाव, जन्मतारीख व इयत्ता यांसह गुणलेखकाच्या हाती असाव्यात. टेबलाशी पंचांखेरीज कोणी सूचना देऊ नयेत. पालक व प्रशिक्षक यांची जागा टेबलापासून दूर ठेवावी.

तीन, क्रिकेटमध्ये सीमारेषा नाणेफेकीपूर्वी पंच व कर्णधार यांच्या संमतीने ठरते. तिचे अंतर मोजून गुणपत्रकाच्या माथ्यावर लिहावे. सॉफ्टबॉलमध्ये बेसमधील साठ फुटांचे अंतर व पिचरच्या जागेचे अंतर टेपने मोजून तशी नोंद करावी. पुढे आकडा वाचणाऱ्यास तो कोणत्या मैदानावर झाला हे कळले पाहिजे.

चार, स्पर्धेचे विशेष नियम एका पानावर मराठीत छापून प्रत्येक संघास आधीच द्यावेत. डावाची मर्यादा, एकतर्फी सामना थांबविण्याची अट, पावसामुळे खेळ थांबल्यास करावयाची कार्यवाही आणि दाद मागण्याची मुदत या बाबी त्यात असाव्यात.

पाच, सामना संपताच दोन्ही गुणलेखक, पंच आणि कर्णधार यांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात. मूळ प्रत आयोजकांकडे व एकेक प्रत दोन्ही शाळांकडे राहावी. आज भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेऊन ठेवणे सहज शक्य आहे. गुणलेखनाची संगणकीय साधनेही उपलब्ध आहेत. तरीही यंत्रात आकडा भरणारा माणूसच असतो. म्हणून कागदी वहीचा ताळा सोडू नये.

सहा, गावोगावी होणाऱ्या टेनिस क्रिकेट व कबड्डीच्या स्पर्धांनाही हीच शिस्त लावावी. बक्षिसाची रक्कम मोठी आणि वही मात्र फाटकी, असे चित्र असेल तर एका धावेवरून दोन गावांत वितुष्ट येण्यास वेळ लागत नाही. दोन गावांचा सामना असेल तर प्रत्येक गावाचा एक गुणलेखक शेजारी शेजारी बसवावा. दोघांच्या वह्या जुळल्या की निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

बक्षीस समारंभात गुणलेखकांचे नाव सहसा घेतले जात नाही. पंच, प्रशिक्षक, खेळाडू व देणगीदार यांच्याबरोबर त्यांचाही उल्लेख व्हावा, त्यांनाही प्रमाणपत्र मिळावे. नेमून दिलेले काम पक्षपात न करता करणे, आपल्या शाळेविरुद्ध जाणारी नोंदही तितक्याच स्वच्छ अक्षरात लिहिणे आणि चूक झाल्यास ती रेघ ओढून उघडपणे दुरुस्त करणे, हे शिक्षण विद्यार्थ्यांना या टेबलाशी मिळते. पुढे हीच मुले शाळेचे हजेरीपत्रक भरतील, ग्रामसभेचे इतिवृत्त लिहितील, सहकारी संस्थेचे हिशेब ठेवतील. मैदानावरील वहीत लागलेली सवय त्यांना तेथेही उपयोगी पडेल.